कोठारातल्या लाल ओळी

३ फेब्रुवारी, सोमवार

लागलो बुवा एकदाचा नोकरीला! ही डायरीही ऑफिसचीच. टेबलाच्या खणात कोरी पडली होती, कोणी हक्क सांगेना, म्हणून माझी. रोज जेवणाच्या सुट्टीत इथेच बसून लिहायचं ठरवलंय. ताईच्या घरी लिहायची सोय नाही; माझ्या हातात पेन दिसलं की भाची ते हिसकावते आणि भिंतीवर हत्ती काढते.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. एकच लांब खोली, अकरा टेबलं. एका टोकाला काचेचं दार आणि त्यापलीकडे रिसेप्शन, दुसऱ्या टोकाला काचेचीच मीटिंगची खोली. तिच्यात बोललेलं बाहेर ऐकू येत नाही, म्हणून मॅनेजर लोकांना झापायला तिथे नेतो. बाहेरून फक्त हातवारे दिसतात. माझं टेबल त्या खोलीला लागून. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या पोटात जो प्रोग्रॅम असतो, तो इथे लिहितात. भावोजी सकाळी म्हणाले, बरं झालं, मेव्हणा निदान मापात राहायला शिकेल. ताई फिसकन हसली. मीही हसलो. आजपासून चिडायचं नाही.

कारण तिची अट. ताईची नव्हे; माझ्या वर्गातल्या तिची, जिच्याशी मला लग्न करायचंय. कॉलेज सोडून चार महिने झाले. सरांनी भर वर्गात तिला उभं करून तिच्या प्रोजेक्टची टर उडवली, आणि मी डस्टर उचलून सरांकडे भिरकावलं. लागलं फळ्याला, पण कॉलेजला तेवढं पुरे होतं. माफी लिहून दे म्हणाले. मी वही उचलली आणि चालू पडलो. वाटलं होतं, ती खूश होईल. आठ दिवस बोलली नाही. मग म्हणाली, काडेपेटी, मी बाबांशी भांडेन तुझ्यासाठी, पण आधी एका जागी सहा महिने कुणाशीही न भांडता टिकून दाखव. काडेपेटी म्हणजे मी. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर दात पाडले असते.

म्हणजे तीन ऑगस्ट. एकशे एक्क्याऐंशी दिवस. आजचा गेला.

खणात डायरीखाली लहान मुलीचे लाल बूटही सापडले. एकाचं बक्कल तुटलेलं. चहावाल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, तुझ्या आधी इथे बसायचा त्याचे. त्याला मूलबाळ काही नव्हतं, पण शेवटी शेवटी उठता बसता आमची छकुली, आमची छकुली करायचा. सगळे हसायचे. एक दिवस जेवायला म्हणून खाली उतरला तो परत आलाच नाही. डबासुद्धा इथेच राहिला. बूट मी मागे सरकवून ठेवले. टाकवले नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काम समजलं. इथलं सगळं लिखाण व्हर्जन कंट्रोलमध्ये राहतं. त्याला इथले लोक कोठार म्हणतात. कुणी एक स्वल्पविराम जरी बदलला तरी कोठार नोंद ठेवतं: कोणी, कधी, कुठली ओळ. आणि प्रत्येक नोंदीचा एक ठसा घेतं, अंगठ्याच्या ठशासारखा, फक्त आकड्यांचा. आतला मजकूर आपोआप इकडचा तिकडे झाला की ठसा जुळत नाही आणि ती फाईल लाल दिसते. खराब. रोज सकाळी तपासणी चालवायची, लाल काय ते शोधायचं, दुरुस्त करायचं. हेच माझं काम.

दुरुस्तीची इथली एक खास पद्धत आहे. गिऱ्हाइकांचे तपासनीस सगळा इतिहास उकरतात, म्हणून खराब नोंद नुसती खोडायची नाही, मुळासकट उपटायची. मग प्रत्येकाने आपापल्या मशीनवरच्या प्रतीतूनही ती काढायची. सगळे काढतात. फक्त माझ्या शेजारचा काढत नाही. पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला तोंडावर कासव म्हणतात आणि तोही ओ देतो. मी आठवण केली तर म्हणाला, मला शिळं पचतं, तू तुझं ताजं खा.

गिळलं. मोजून दहा आकडे म्हटले.

नवं खातं उघडायला वरून परवानगी लागते म्हणे, महिना जाईल. तोवर जुन्याच खात्यावर काम कर, मॅनेजर म्हणाला. म्हणजे राबणार मी आणि कोठारात नाव त्या बूटवाल्याचं. हेही गिळलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली लाल फाईल! वजन शून्यावर आणायचा साधा प्रोग्रॅम. उघडला तर आकडेमोडीच्या मधोमध चक्क मराठीतली एक ओळ. पुरावा म्हणून हुबेहूब उतरवून ठेवतो:

‘लायब्ररीच्या जिन्यात, चौथ्या पायरीवर, तिने वही परत केली आणि हात मागे घेतला नाही.’

दोन तास खपलो. डिस्क तपासली, केबल बदलली, शनिवारचा बॅकअप लावून पाहिला. त्यात ही ओळ नाही. नोंद आज सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांची, खातं माझं, म्हणजे त्याचं. नऊ वाजून दोन मिनिटांनी मी जिना चढत होतो. मॅनेजर म्हणाला, आधीच्याकडे पासवर्ड असणार, बाहेरून खोडी काढत असेल, तू उपटून टाक.

ओळ वाचून जरा चमकलो, हे खरं. आमचंही असंच झालं होतं. चौथीच पायरी. पण जिने काय, सगळ्याच लायब्रऱ्यांना असतात. उपटली. फाईल हिरवी झाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल तिच्याशी फोनवर बोलताना गंमत म्हणून जिन्याची आठवण काढली. म्हणाली, कुठला जिना? लायब्ररीत आपण कधी भेटलो? मी म्हटलं, चल, नाटकं नको करूस. ती म्हणाली, नाटकं तूच करतोयस. मग तिला अभ्यास होता.

चिडवत असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज दुसरी ओळ.

‘तिच्या डाव्या भुवईत खाच आहे, सायकलवरून पडल्याची. ती केसांनी झाकते, वाऱ्याने उघडी पडते.’

जिने सगळीकडे असतील; ती भुवई एकच आहे. हा हरामखोर तिला ओळखतो. जवळून ओळखतो. वाऱ्याने केस उडताना बघतो म्हणजे कुठवर गेला असेल! आणि बाईसाहेब म्हणतात कुठला जिना. आता कळलं, जिना का आठवत नाही. तिथे दुसऱ्याच्या वहीची आठवण लपवायची असेल.

ओळ अशी उपटली की कीबोर्डचं एक बटण उडून कासवाच्या चहात पडलं. तो म्हणाला, साखर चालली असती.

लगेच खाली जाऊन फोन केला. सगळं ओकलो. भुवईची खाच त्याला कशी माहीत, सांग. ती म्हणाली, कसली खाच? मी म्हटलं, आरशात बघ. म्हणाली, बघतेय, काही नाहीये, तुला झालंय काय? मी नको ते बोललो. लिहीत नाही इथे.

तिने फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाच दिवस फोन नाही. नाही तर नाही.

तिसरी ओळ आली. ‘तिला हसू अनावर झालं की उचकी लागते, आणि उचकीचं पुन्हा हसू येतं.’ वाचली आणि उपटली, तण काढावं तशी. मॅनेजर खूश. म्हणाला, आधीचा असल्या ओळींसमोर तासन्‌तास बसून राहायचा, तुझा हात चांगला आहे.

पण कासवाच्या मशीनवर तिन्ही ओळी लालच्या लाल! त्याने एकही काढलेली नाही. म्हणजे माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर, तो बूटवाला तिच्या भुवईबद्दल बरळत बसलाय. कासव जेवायला गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसलो आणि त्याची अख्खी प्रत पुसून कोठारातली ताजी प्रत चढवली. आल्यावर त्याने आरडाओरडा केला, त्याचं चार दिवसांचं काम त्यात गेलं होतं. मी म्हटलं, शिळं खायची सवय सोडा.

आता जगात कुठेही त्या ओळी नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काहीतरी चुकतंय.

सकाळी डबा भरताना ताई म्हणाली, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं. मी म्हटलं, तिच्याशी भांडलो. ताई म्हणाली, कुणाशी? मी म्हटलं, तिच्याशी, आणखी कुणाशी. ताईने हातातला चमचा थांबवला. म्हणाली, कोण ती, आम्हाला कधी दाखवली नाहीस.

दिवाणावर बसून दोन तास गप्पा मारल्यात दोघींनी. ताईने तिला स्वतःचं स्वेटर दिलंय अंगातलं काढून. ते स्वेटर आज ताईच्याच अंगात होतं.

आत्ता फोनमधला तिचा फोटो उघडला. गच्चीवरचा, वाऱ्यातला. केस उडालेले आहेत. डावी भुवई अखंड आहे.

फोटोला तरी कुणी खोटं बोलायला शिकवलं नसेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. तिने उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय. राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. मी ओरडलो. ती म्हणाली, अहो, किती पटकन पेटता तुम्ही, अगदी — आणि थांबली. शब्द शोधत असल्यासारखी. मग म्हणाली, राँग नंबर.

अहो म्हणाली.

खण जोरात ओढला तो बाहेरच आला. बूट पडले. तुटक्या बक्कलाच्या बुटात कागदाची घडी होती. पेन्सिलने लिहिलंय:

‘माझ्या जागी बसणाऱ्यास. ओळींवर दिसणारं नाव तुझ्या आधीच्याचं असेल, म्हणून तुला वाटेल त्या त्याच्या आहेत. मलाही वाटलं. हे नाव माझंही नाही, माझ्याही आधीच्या कुणाचं आहे. खातं कोणी बदलत नाही. ओळी खुर्चीत बसणाऱ्याच्या असतात. ज्याच्यावर त्याचा जीव असेल त्याच्याबद्दलच्या. मी उपटल्या. सोळा. आता बायको म्हणते आपल्याला मूल झालंच नाही. हे बूट दुरुस्तीला न्यायचे म्हणून इथे होते, एवढेच राहिले. उपटू नकोस.’

१७ दिवस हा कागद माझ्या गुडघ्याला लागून होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तपासणी. चौथी ओळ. ‘तो चिडला की ती त्याला काडेपेटी म्हणते, आणि तो विझतो.’

हात लावला नाही. ही कुणी उपटलेली नाही म्हणूनच काल ती शब्दापाशी थांबली. एवढाच धागा उरलाय.

बाकीच्या तीन कुठून आणू? बॅकअप शनिवारचे, ओळी मधल्या वारी आल्या आणि त्याच दिवशी गेल्या. सगळ्यांच्या प्रती साफ. एकच माणूस होता ज्याने काढल्या नव्हत्या. आणि त्याची प्रत मी — माझ्या हाताने —

कासवापुढे हात जोडले. कुठे कॉपी ठेवली आहे का म्हणून विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, मला आता ताजंच लागतं, रोज सकाळी सगळं काढतो, तुझी कृपा.

डायरी! पुरावा म्हणून उतरवल्या होत्या. हुबेहूब. देवा, हुबेहूब.

दुपारी टाइप केल्या, त्याच फाइलींत, त्याच ओळींवर. पहिल्यांदा काही झालं नाही. ‘जिन्यात’ नंतरचा स्वल्पविराम राहिला होता. तो घातला.

लाल. हाताने टाइप केलेलं एरवी लाल होत नाही, तरी तिन्ही लाल. एकूण चार. खराब हा शब्द वाचून आयुष्यात कोणी एवढं रडलं नसेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिचा फोन!! म्हणाली, काडेपेटी, मेला आहेस का जिवंत. म्हणाली, गेले दहा-बारा दिवस डोक्यात धुकं होतं, काही आठवतच नव्हतं, तुझं भांडणसुद्धा आत्ता आठवलं, आणि त्यासाठी मी तुला प्रत्यक्ष येऊन बडवणार आहे. गुरुवारी येतेय. थेट ऑफिसात, दुपारी. मी हसलो, तीही हसली, आणि लागली उचकी.

घरी ताई स्वेटर शोधतेय. म्हणते, ते तिला दिलं नव्हतं का मी?

चार ओळींना कोणी हात लावू नये. बस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरने काचेच्या खोलीत नेलं. शुक्रवारी तपासनीस येणार, कोठारात एक लाल चालणार नाही. मी म्हटलं, त्या चार राहू द्या. का? सांगितलं. सगळं सांगितलं, बूटही दाखवले. तो ऐकून घेत होता, अगदी शांत. मग म्हणाला, आधीचाही असंच सांगायचा. घरी जाऊन झोप काढ.

बाहेर सगळे मान खाली घालून हसत होते. छकुली, कोणीतरी हळूच म्हणालं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पासवर्ड बदललाय. माझं टेबल कासवाला दिलं. चार ओळी उद्या तो उपटणार.

पाया पडलो. खरंच पडलो, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, माझे चार दिवस परत दे, मग बघू.

तिला फोन करतोय, येऊ नको, की ये, की लवकर ये — लागत नाही. गाडीत असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

११.५०. कासव माझ्या खुर्चीत बसला आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. तिघांनी धरलं. काचेच्या खोलीत कोंडलंय, बाहेरून कडी, वॉचमन पाठ करून उभा. पोलिसांना बोलावलंय म्हणे. भांडायचं नाही म्हणाली होती ती. एवढं एकच म्हणाली होती.

डायरी खिशात होती. इथून माझा स्क्रीन दिसतो. चार लाल.

१२.१५. काच फुटत नाही. खुर्ची मोडली. आवाज बाहेर जात नाही. वॉचमन वळूनसुद्धा बघत नाही.

१२.३०. कासव चष्मा जोडतोय, चिकटपट्टीने. जोड, बाबा. सावकाश. तुला कासव म्हटलं त्याची माफी मागतो, कासवच राहा, आयुष्यभर कासव राहा.

१२.४०. ती आली. रिसेप्शनला विचारतेय. तिथल्या पोरीने माझ्याकडे बोट केलं. दार उघडून आत आली. टेबलांमधून येतेय. ताईचं स्वेटर घातलंय. मला बघितलं. हात केला. हसतेय.

चार.

कासव वाकला —

तीन.

ती थांबली. पाचव्या टेबलापाशी. मागे बघतेय. आपण कुठे आलो असं.

लिहून ठेवतो, लिहिलेलं राहतं, राहिलं होतं. लायब्ररीच्या जिन्यात, चौथ्या पायरीवर, तिने वही — पुन्हा निघाली. इकडेच. ये. ये. काचेपाशी आली. एवढी जवळ. केस मागे केले तिने, डाव्या भुवईत —

दोन.

भुवई भरून आली. माझ्या डोळ्यांदेखत.

उचकी. तिला उचकी लागली होती, छाती हलत होती. थांबली —

एक.

स्वेटर नाहीये अंगात. ती माझ्याकडे बघतेय, मोडलेल्या खुर्चीकडे, माझ्या तोंडाकडे. घाबरलीय मला. तरी जात नाही. कपाळाला आठी. शब्द शोधतेय. ओठ हलतायत. म्हण. म्हण ना. कासवा, बटण दाबू नको, एकच श्वास थांब, तिला आठवतंय, ती मला